छताखालची हवा

नव्या लोकांची हजेरी घेताना तो शेवटच्या नावाशी अडखळला. मान वर केली, तर मागच्या बाकावर त्याची धाकटी बहीण बसलेली. कारखान्याच्या भांडारात नव्याने लागलेल्यांनाही सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा हा एक दिवस चुकत नसे. पाच वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी याच कारखान्यात, हायड्रोजनच्या शेडमध्ये, तिचा नवरा भाजून गेला. तो फिटर होता आणि हा त्या पाळीचा सुरक्षा अधिकारी. चौकशीत याने खरं काय ते लिहून दिलं. मग त्याला शेडमधून उचलून या प्रशिक्षणाच्या खोलीत बसवलं. जुने सोबती समोरून आले की घड्याळ बघत सटकत. डबा तो फळ्याकडे तोंड करून एकटाच खायचा.

बहिणीच्या घराची पायरी काही त्याच्याने चढवली नाही. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतला.

दर वर्गात तो हा अपघात सांगे, पण ‘एका अधिकाऱ्याने’ अशी सुरुवात करून. आज तसं म्हणायला जीभ रेटेना.

“हायड्रोजन हवेपेक्षा फार हलका,” तो म्हणाला. “गळला की वर जातो, छताखाली साचतो. रंग नाही, वास नाही. पेटला तर उजेडात ज्योतसुद्धा धड दिसत नाही. त्या दिवशी वरच्या पाइपाचा आधार ग्राइंडरने कापायचा होता, म्हणजे ठिणग्या उडणार. आधी हवा तपासायचं काम माझं. शिडी यायची होती. मी खालीच उभा राहून मीटर कमरेशी धरला. आकडा शून्य. परवान्यावर सही केली आणि जेवायला गेलो.”

मागून हात वर झाला. “सर, एक विचारू?” बहीण म्हणाली. “शिडी यायला किती वेळ लागला?”

“दहा मिनिटं.”

“म्हणजे आली?”

“आली. फिटर तिच्यावरूनच वर चढला.”

मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. ती बसून राहिली.

“आम्हाला सांगितलं, त्यांनीच कुणाला न विचारता ग्राइंडर चालवला. पाच वर्षं मी त्यांच्या फोटोशी भांडतेय.”

“मी सगळं लिहून दिलं होतं गं.”

“कागदावर. तो कागद माझ्या घरी कोण आणणार होतं? मला वाटलं, यांची चूक म्हणून तू तोंड फिरवलंस.”

“तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.” मग त्याने विचारलं, “घरी येऊ?”

“इतक्यात नको,” ती म्हणाली, आणि दुपारची परीक्षा देऊन निघून गेली.

महिन्याभराने शेडमधला जुना फोरमन त्याच्या खोलीत येऊन खुर्ची ओढून बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“तुमच्या बहिणीने भांडारात नवा कायदा काढलाय. आधी शिडीच्या वहीत सही, मग मीटर. शिडीशिवाय मागायला गेलं, तर आमची उंची विचारते.”

“मग?”

“मग काय, चढतो गुपचूप. परवा वर आकडा लागला. खाली शून्यच होता. काम थांबवलं.” फोरमन खुर्ची जागेवर सरकवून निघून गेला.

बहिणीचं बोलावणं अजून आलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसतो आणि दिवेलागणीला बदलतो.