एरिकाचं वय

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. शेवटी त्सोन्कामावशीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही की. नावं बदल म्हणजे झालं. आमच्या क्लबात वाचणार कोण, सगळ्यांचे चष्मे कायम हरवलेले." तर नावं बदललीत. मशीनचं तेवढं तेच ठेवलंय. एरिका.

मी रुसेला राहतो, डॅन्यूबच्या काठाला. जुने टाइपरायटर साफ करतो. शिकलो कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. आधी पाच-सहा बिघडवले, मग जमायला लागलं. दुकान म्हणजे पूर्वीची चपलांना टाचा लावून द्यायची टपरी. काचेवर मी लिहिलंय: 'सफाई, दुरुस्ती. मशीनचं वर्ष सांगतो, खरं सांगतो.' गिऱ्हाईक येतं ते त्या शेवटच्या ओळीमुळे. विकणारे काहीही साल ठोकून देतात, पण माझी चिठ्ठी दाखवली की दोन्ही बाजू गप्प बसतात.

एरिका हे जर्मन बनावटीचं टाइपरायटर घेऊन आले ते मिन्चोकाका. बस चालवायचे, आता मावशीच्याच पेन्शनरांच्या क्लबात असतात. मशीन टेबलावर ठेवलं आणि खिशातून एक पितळेची पट्टी काढली.

"त्सोन्काचं आहे. शनिवारी तिचा वाढदिवस. चकाचक कर आणि ही पट्टी लाव. हिच्यावर साल घाल."

"कुठलं?"

"ते तू शोधायचंस. बाई म्हणते मी अडुसष्ट वर्षांची. मी किती वर्षं ऐकतोय, अडुसष्ट. पण तीच सांगते, अठराव्या वर्षी टायपिंगची शाळा संपली आणि त्याच दिवशी बापानं हे नवंकोरं मशीन घरी आणलं. आता मशीनचं साल कळलं की..." काकांनी डोळा मारला.

"तुम्हाला वय कुणाचं हवंय काका, मशीनचं की मावशीचं?"

"दोघींपैकी एक जरी खरं बोलली तरी मला चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी हजर. हातात बनित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्री रोटीचं ताट, वर फडकं.

"किती निघालं साल?"

"अजून उघडलंच नाही."

"चौऱ्याहत्तर निघेल. माझ्या अडुसष्टला तेच बसतं."

"निघेल ते निघेल, मावशी."

"गरम आहे तोवर खा. चौऱ्याहत्तर."

"चीज फार घातलंय."

"लाच द्यायची तर कंजुषी कशाला?"

मी हसलो. ती नाही हसली. स्टूल ओढून बसली. "खरं सांगते. ऐंशी होतायत. क्लबात ऐंशीच्या बाईला खुर्ची देतात. मानानं देतात, पण खुर्चीच. होरोचा नाच सुरू झाला की मिन्चो माझा हात धरून रांगेत पुढं नेतो. ऐंशी कळलं तर हळूच खुर्ची सरकवेल. वाईट माणूस नाही तो. म्हणूनच सरकवेल."

मी काम सुरू केलं. आधी धूळ फुंकली, मग अक्षरांच्या खिळ्यांवर स्पिरिट लावून टूथब्रशनं घासलं. पोट असलेल्या अक्षरांत शाई दगड होऊन बसते, ती सुईनं टोकरून काढावी लागते. मशीनचा नंबर मात्र सापडेना. जिथं असायला हवा तिथं कुणीतरी कानस मारून सपाट केलेलं. मला जरा विचित्र वाटलं.

मग बटणं. क्रमांकाची खूण (№) असलेल्या एका बटणाची काच आतून धुरकट झाली होती. कडं उचललं, काच काढली, खुणेचा कागद निघाला. त्याच्याखाली अजून एक कागद. त्यावर 'यात' नावाचं जुनं अक्षर.

हे अक्षर आमच्या लिपीतून पंचेचाळीस साली काढून टाकलं. त्यानंतरच्या मशीनवर ते असायचं काही कारणच नाही. आणि ही घडण तर मला अडतीसच्या आसपासची वाटत होती.

"मावशी, सुटलात. एरिका युद्धाच्या आधीची आहे."

"म्हणजे मी किती?"

"शंभरच्या वर."

ती पोट धरून हसली. "मिन्चोला सांग, शंभर. बघू किती पट्ट्या लावतो." हसता हसता थांबली. माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे बाबांनी जुनं आणलं होतं."

"असेल. कुणीतरी 'यात' काढून त्या जागी क्रमांकाच्या खुणेचा हा खिळा बसवलाय. हातानं घडवलेला आहे, बघा."

"गाडीची चाकं बनवायचे ते. कानस त्यांच्याच हातात असायची." तिनं खिळ्यावरून बोट फिरवलं. "ही खूण नेहमी केसभर वर उमटायची. मी म्हणायचे, बाबा, जर्मनांनी चूक केलीय. ते म्हणायचे, हो गं, जर्मन असेच." मग म्हणाली, "सगळ्या गल्लीला सांगत फिरले होते, पोरीला नवं घेतलं. मीही तेच सांगत आले."

"मग काय करू? खरं साल घातलं तर तुमचं वय कुणालाच कळणार नाही."

"आणि बाबा खोटे पडतील." ती उठली. "घाल, बासष्ट. आणि 'नवीन' असं घाल."

"मावशी, काचेवर काय लिहिलंय वाचलंत ना?"

"वाचलंय. चष्मा आहे माझ्याकडे. माझ्या घरात ती बासष्टला आली आणि नवीनच आली. तुला जमत नसेल तर पट्टी दे, मी ठोकते."

मीच ठोकली. 'नवीन' शब्दाला हात अडला, पण ठोकला.

शनिवारी दोघंही आले. काकांनी पट्टी वाचली: 'त्सोन्कासाठी नवीन घेतली, १९६२.' ओठ हलवत हिशेब केला.

"ऐंशी?"

"ऐंशी. तू किती?"

"चौऱ्याहत्तर."

"मग मोठ्या माणसाशी बोलतोयस. अहो म्हण."

काका पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. "त्या काळात नवीन मशीन म्हणजे चेष्टा नाही. बाप मोठा होता तुमचा."

"होताच," मावशी म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"चला, अहो त्सोन्काबाई. आज रांगेत पुढं तुम्ही. मी मागून येतो. खुर्ची सांगून ठेवलीय, माझ्या गुडघ्यांसाठी."

ते एरिका घेऊन बाहेर पडले. मावशी दारातून परत आत आली. ऐंशी वर्षांची ही मैत्रीण माझी बाही धरून हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणी ते बटण उघडलं तर?"

मी शब्द दिला. ती आहे तोवर आणि त्यानंतरही, एरिकाची सफाई मीच करणार. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.