थंड पाण्यात धुतलेल्या चादरी

देशात तापाची साथ आली, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या मुकादमाने इस्त्रीवालीला बोलावून एक कागद पुढे सरकवला.

"सही कर."

साथ पसरावी म्हणून लंबूने तापाच्या वॉर्डातल्या चादरी मुद्दाम थंड पाण्यात धुतल्या, असं त्यात लिहिलं होतं. लंबू म्हणजे हौदावरचा धुलाईवाला, नदीपलीकडच्या वस्तीतला. ताप पलीकडच्यांनीच आणला, असं मंत्री रेडिओवर रोज सांगत होते. त्याच सकाळी बाजारात लोकांनी पलीकडच्या एका भाजीवालीची टोपली गटारात उलटी केली होती. बघे हसत होते.

इस्त्रीवाली आणि लंबू बावीस वर्षं एका छपराखाली राबत होते, आणि त्यातली नऊ वर्षं त्यांच्यात अबोला होता. नऊ वर्षांपूर्वी धान्याचा तुटवडा पडला, तेव्हा साठेबाज म्हणून सगळ्यांनी बोट तिच्या लोकांकडे दाखवलं होतं. जमाव मागे लागल्यावर तिच्या धाकट्या भावाने लंबूचं दार ठोठावलं. लंबू घरात होता, पण त्याने दार उघडलं नाही. त्या दिवसापासून भावाचा डावा हात वर होत नाही.

मुकादमाला हे पक्कं ठाऊक होतं. "भावाचं विसरलीस? आणि तुमचे लोक आमच्या बाजूचे, हे सगळ्यांना दिसलेलं बरं. लोकांचं काय, आज त्यांच्या मागे आहेत, उद्या..."

"उद्या आमच्या मागे. माहीत आहे मला."

खरं सांगायचं तर तिने पेन उचललं होतं. सही करून मोकळं व्हावं, असं तिला मनापासून वाटलं. मग तिने कागद पुन्हा वाचला.

"पाणी उकळायचा बॉयलर चार दिवस बंद होता, ते यात कुठे आहे? तुम्ही कोळसा दिला नाहीत. लंबू तीनदा तुमच्या दाराशी येऊन सांगून गेला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"जास्त शहाणपणा नको."

तिने पेन खाली ठेवलं.

तासाभरात फाटकावर माणसं जमली. त्यांना कोणी बोलावलं, हे वेगळं सांगायला नको. इस्त्रीवाली हौदावर गेली. लंबू कोपरापर्यंत हात साबणात घालून तसाच उभा होता.

"आत चल."

"तुझ्यावर कशाला ओढवून घेतेस?"

"तुझ्यासाठी नाही करत. चल म्हटलं ना."

इस्त्रीच्या खोलीत तिच्याच गल्लीतल्या सात बायका होत्या, त्यांत तिची भावजय. लंबूला पाहताच भावजयीच्या कपाळावर आठी चढली. "माझ्या नवऱ्याचा हात गेला याच्यापायी. आता जीवही द्यायचा?"

"खोटं लिहिलंय त्यात. धान्याच्या वेळी आपल्यावर लिहिलं होतं तसंच."

मग भावजयीनेच कपड्यांची गाडी ढकलत नेऊन दाराला लावली, आणि बाकीच्या मदतीला धावल्या.

"त्याला बाहेर काढा," मुकादम बाहेरून ओरडत होता. "तुम्हाला कोणी हात लावणार नाही." खिडकीची काच फुटून दगड आत आला आणि एकीची भुवई फाटली. तिने घडी घातलेली चादर उचलून जखमेवर दाबली.

लंबू दाराकडे निघाला. भावजयीने त्याची वाट अडवली. "बस गुमान."

पोलिस दुपारी आले. त्यांनी जमावाला पांगवलं आणि पकडून मात्र लंबूला आणि इस्त्रीवालीला नेलं. तिला तीन दिवसांनी सोडलं. मधल्या काळात तिच्या गल्लीवर दोनदा माणसं चालून आली. पहिल्यांदा दोन दुकानं फुटली. दुसऱ्यांदा पलीकडच्या वस्तीतले चाळीसेक बाप्ये आणि बाया पूल ओलांडून येऊन गल्लीच्या तोंडाशी बसल्या होत्या. शिव्या खूप झाल्या, धक्काबुक्कीही झाली, पण आत कोणाला शिरता आलं नाही.

चौकशीत आठही बायकांनी कोळशाची हकिकत सांगितली, एकीनेही शब्द फिरवला नाही. महिन्याने लंबू सुटला. त्याला आणि त्या आठ जणींना कामावर परत घेतलं नाही. मुकादम आहे तिथेच आहे.

सुटल्यावर लंबू तिच्या भावासमोर येऊन उभा राहिला. "त्या दिवशी मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," भाऊ म्हणाला. त्याने लंबूला बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.