चार दिव्यांची गाडी

शेवटची वीस मेंढरं विकून रखमाजीनं बॅटरीची स्कूटर घेतली, तेव्हा राहू गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. लायसन नको, पेट्रोल नको, आणि आवाज तर नाहीच. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "आबा, एकदा चार्ज केली की साठ किलोमीटर डोळं झाकून." मीटरवर चार हिरवे दिवे होते. चारी पेटले म्हणजे गाडीचं पोट भरलेलं, एकच उरला म्हणजे घरी वळायचं. रखमाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दीडशे मेंढरं नुसत्या नजरेनं मोजणाऱ्या माणसाला चार दिवे काय जड!

पुढं त्याला गाडीची एक खोड कळली. चालून चालून दिवे विझायचे, पण झाडाखाली थोडा वेळ उभी केली की परत पेटायचे. दुसरा कुणी असता तर त्यानं दुकानदाराला गाठून विचारलं असतं. रखमाजीला त्यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. दमलेल्या जनावराला मारायचं नसतं, सावलीला बसवायचं असतं, हे तो बापाकडून शिकला होता. "दम खाल्ला की चढती," तो कौतुकानं सांगायचा. शेतापासून पारगावच्या बाजारापर्यंत फिरणाऱ्या गाडीनं त्याला कधी खोटं पाडलं नाही, आणि साठ किलोमीटरची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती.

ती घ्यायची वेळ आली २००८ च्या चैत्रात, हर्षदामुळं.

हर्षदा त्याची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी तिनं बौद्धवस्तीतल्या महेंद्रशी लग्न केलं. पोरगा निर्व्यसनी, रेल्वेत नोकरीला, नाव ठेवायला जागा नाही. पण रखमाजीनं पारावर भावकीतल्या वडीलधाऱ्या मारुतरावांच्या आणि चारचौघांच्या देखत सांगून टाकलं होतं, "मला लेक न्हाई." रागात बोललेला शब्द गिळता येतो, पण लोकांदेखत बोललेला घशात अडकतो. लेक दौंडला राहायची, चाळीस किलोमीटरवर. तिला मुलगा झाला, त्याचं नाव आयुष ठेवलं, तो चालायला लागला. रखमाजी गेला नाही. म्हाळसा जायची, येऊन नातवाचं सगळं सांगायची, आणि हा पाठ फिरवून ऐकायचा. कान मात्र तिकडंच असायचे.

आता महेंद्रची बदली नागपूरच्या पुढं कुठंतरी झाली. हर्षदानं आईच्या हाती निरोप धाडला, "साडेचारच्या गाडीनं जातोय. आबांनी एकदा टेशनवर यावं, आयुषला बघावं. हे माझं शेवटचं बोलावणं." म्हाळसा सकाळच्या एस्टीनं निघाली. निघताना तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "मी येत न्हाई."

अन् दुपारी एक वाजता धुवट धोतर नेसून, लहान पोराच्या मापाचं लोकरीचं घोंगडं पिशवीत घालून तो स्कूटरवर बसला. ते घोंगडं त्यानंच विणून घेतलं होतं, शेवटच्या मेंढरांच्या लोकरीचं. गावच्या वडाप जीपनं गेला असता तर गाव विचारणार, कुठं निघाला? स्कूटरला तोंड नव्हतं. मीटरवर चारी दिवे होते.

वरवंड मागं पडलं तेव्हा तीन होते. पुढं दोन झाले. दौंड चार-पाच किलोमीटरवर आलं, शेवटचाही दिवा गेला आणि गाडी जागीच थांबली. अडीच वाजत होते. रखमाजी घाबरला नाही. त्यानं गाडी लिंबाखाली लावली आणि शेजारी बसला, मेंढरं सावलीला बसवून राखत बसावं तसा.

तीनच्या सुमाराला राहूचीच जीप आली. ती चालवणाऱ्या संपतनं ब्रेक मारला. "आबा? हितं? दौंडला निघालाय व्हय? चला, फुडं बसा. गाडी हितंच कुलूप लावून ऱ्हाऊ द्या."

रखमाजी उठलाच होता. तेवढ्यात मागच्या सीटवर त्याला मारुतराव दिसले. पान खात त्याच्याकडंच बघत होते.

"न्हाई रं," तो खाली बसत म्हणाला. "वरवंडला आलो व्हतो. गाडी जरा दम खातीय. जा तू."

जीप गेली.

पाऊण तासानं त्यानं किल्ली फिरवली. चारी दिवे! त्याला हसूच आलं. मग गाडी अर्धा किलोमीटर चालली आणि मेली. त्यानं पुन्हा दम खाऊ दिला, पुन्हा चार दिवे आले आणि या वेळी शंभर पावलंसुद्धा झाली नाहीत. तेव्हाही गाडी टाकून पळत सुटला असता तर पोचला असता. पण थकलेलं जनावर वाटेत सोडून पुढं जाणं त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ऐंशी किलोचं ते धूड तो उन्हात ढकलत राहिला.

तो स्टेशनात शिरला तेव्हा पाच वाजून गेले होते. प्लॅटफॉर्मवर म्हाळसा एकटीच बाकावर बसली होती.

"गेली?" त्यानं विचारलं.

"संपतनं येऊन सांगितलं, आबा वाटंत हायेत," म्हाळसा म्हणाली. "लई हरखली वो पोरगी. आयुषला नवी टोपी घातली. गाडी हालली तरी दारातच उभी व्हती. जावायानं दंड धरून आत वढली."

रखमाजीनं म्हाळसाकडून रुपया घेतला, तिनंच लेकीच्या मोबाइलचा नंबर लावून दिला, आणि लाल डब्याचा फोन त्यानं दोन्ही हातांनी कानाला धरला.

"पोरी, मी निघालो व्हतो गं. आईशप्पत. ती बॅटरी... चार दिवं दावत व्हती, दुकानदार म्हनला व्हता साठ—"

"आबा," हर्षदाचा आवाज रडून बसलेला होता. "संपतमामा सांगत व्हते. जीपमदी जागा व्हती ना?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हती," तो म्हणाला.

"मग?"

मारुतरावांचं नाव त्याच्या ओठांवर आलं. लेकीला ते सांगायची त्याला लाज वाटली. पलीकडं एक लहान पोर विचारत होतं, "आई, कोन हाय?" हर्षदा म्हणाली, "कुनी न्हाई, बाळा." तेवढ्यात रुपया संपला.

दोघं बाहेर आली. पिशवीतलं घोंगडं म्हाळसाला दिसलं, तिनं ते आत नीट सारलं. रखमाजीनं स्कूटरपाशी जाऊन किल्ली फिरवली. मघापासून उभ्या असलेल्या गाडीचे चारी दिवे हिरवेगार पेटले.

"बघ, म्हाळसा," तो काकुळतीनं म्हणाला. "बघ. मी खोटं बोललो न्हाई."

म्हाळसानं दिव्यांकडं पाहिलं नाही. पदर खोचून ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली.

"बंद करा ती किल्ली," ती म्हणाली. "ढकलायचीच हाय."