उलटा मोर

पत्र्याच्या पेटीची कडी खट्कन पडली आणि जयश्रीचा हात जागच्या जागी थांबला.

एरवी हा आवाज कुणाला ऐकूही गेला नसता. नवागामच्या त्या गल्लीत तळमजल्यावर कापड विणायच्या लूमचं खातं होतं. त्याची खडखड दिवसभर भिंतीतून, फरशीतून, अगदी पाण्याच्या हंड्यातूनही जाणवायची. पण आज दुपारी वीज गेली होती आणि सगळी गल्ली कान टवकारून बसल्यासारखी गप्प होती. चटईवर पियू कुशीवर झोपली होती. तिची पापणी हलली, की नुसता भास झाला, कोण जाणे.

जयश्रीने पेटी उघडली. ही कानबाईची पेटी. श्रावणातल्या एका रविवारसाठी वर्षातून एकदा उघडायची. लाल फडक्यात बांधलेला पिढीजात नारळ, त्यालाच देवी म्हणून सजवायचं. मग चांदीचे डोळे, नथ, हिरव्या बांगड्या. आणि तळाशी, मलमलीत गुंडाळलेली ओढणी.

ती ओढणी तिनेच शिवलेली. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा वाल्मिक पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून नमुन्याचे कापड-तुकडे घेऊन यायचा, तळहाताएवढे, एकाचा रंग दुसऱ्याला नाही. त्यांतून तिने एकवीस मोर कापले होते आणि पिवळ्या कापडावर एकेक करून टाचले होते. देवीच्या मागे ती ओढणी लावली की आलेल्या बाया आधी हात जोडायच्या आणि मग विचारायच्या, कुठून आणली गं?

तिने मलमल थोडी बाजूला करून एका मोरावरून बोट फिरवलं. मग मलमलीसकट ओढणी उचलली, पलंगाखालची आपली लग्नातली बॅग ओढली आणि स्वेटरांच्या खाली ती सरकवून दिली.

"आई, कानबाईची ओढणी तुझ्या बॅगेत का?"

पियू उठून बसली होती. गालावर चटईच्या काड्यांची नक्षी उमटली होती.

"हवा लागावी म्हणून," जयश्री म्हणाली आणि बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली. "कुणाला सांगायचं नाही हं. आपल्या दोघींचं."

पियूने मान डोलावली. पाच वर्षांच्या मुलीला आईने असं काही सांगितलं की ती ते खाऊसारखं जपते.

*

कानबाई थोरल्याच्या घरी बसते. वाल्मिक थोरला, म्हणून लग्न होऊन आल्यापासून ती जयश्रीच्या या एका खोलीत बसायची. त्या दिवशी पलंग बाहेर जायचा, गॅस कोपऱ्यात जायचा आणि भाऊबंदांतली चाळीस माणसं मांडीला मांडी लावून इथे मावायची. कशी मावायची ते तिचं तिलाच ठाऊक.

पण मागच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. गुडघे धरल्यामुळे शोभाबाई महिनाभर धाकट्या मुलाकडे, भूपेंद्रकडे होत्या. त्याने आणि त्याच्या बायकोने, दिपालीने, पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेतला होता.

"आवंदा कानबाई दिपालीना घर बसाडूत," त्या म्हणाल्या होत्या. "लिप्ट शे, जागा शे. मनले लावू नको, माय."

"नाही लावत," जयश्री म्हणाली होती, आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं होतं.

वाल्मिकला ती खारट भाजी खाताना कळलं. त्याच्या नखांत मिलचा रंग असायचा, कधी राणी, कधी मोरपंखी; त्याच हाताने तो पाणी पीत म्हणाला, "देव काय पत्ता बघून येतो का? जाऊ दे ना."

जाऊ दे. त्याचं बरं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये दिपाली येत नव्हती.

जयश्रीच्या मोबाइलमध्ये रोज यायची. साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणलेलं असायचं. गोंद वाळेपर्यंतच्या वेळात ती फोन उघडायची, आणि समोर धाकट्या जावेचा व्हिडिओ. "हाय फ्रेंड्स, देखो आज मैं क्या लायी!" आज चौटा बाजार. उद्या तापीकाठी शनवारी बाजार, तिथे जुन्या सामानाच्या ढिगातून पितळेचा लामणदिवा सापडला. परवा वेताचा पाळणा उलटा टांगून त्याचा दिवा केला. मुलाच्या वाढदिवसाला अख्खी भिंत कागदी पंख्यांची. दिपाली रस्त्याने चालली की रस्ताच तिला काहीतरी काढून देतो, असं वाटायचं. जयश्रीही त्याच शहरात राहत होती. तिला रस्त्याने रिक्षाचा धूर आणि उधारीचा दूधवाला भेटायचा.

ती बदामाच्या खुणेवर बोट दाबायची. मग दोन मिनिटांनी परत जाऊन ती खूण काढून टाकायची.

एकदा दिपालीने दाराला जुन्या साडीच्या काठांची चौकट लावलेली दाखवली. जयश्रीच्या दाराला तशीच चौकट चार वर्षांपासून होती. दिपालीच्या चौकटीला चारशे बारा बदाम पडले होते. त्या दिवशी जयश्रीने आपली चौकट उतरवली, धुतली, आणि परत लावलीच नाही.

आता कानबाईपण. आणि ओढणीही तिथेच जाणार, त्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर. मग मोबाइलवर. "हाय फ्रेंड्स."

*

पेटी न्यायला दिपाली स्वतः आली, सासूबाईंना रिक्षात घालून. हातात जिलेबीचा पुडा आणि पियूसाठी कागदी फुलपाखरांची माळ.

"ताई, चौरंग कुठे ठेवू ते तुम्हीच सांगायचं हं. मी सगळं उलटंपालटं करीन," ती खाली बसत म्हणाली. "आणि मागची भिंत मी पूर्ण रिकामी सोडली आहे. तुमच्या ओढणीसाठी."

जयश्रीने पेटीवरची धूळ पदराने पुसली. धूळ नव्हतीच.

"ओढणी नाही."

"नाही म्हणजे?"

"उंदरांनी कुरतडली. परवा पेटी उघडली तर..." तिने हाताने तुकडे झाल्याची खूण केली. खूण फार नीट जमली.

शोभाबाई पलंगावर टेकल्या होत्या. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला.

"तुकडा तरी ऱ्हायना हुईन ना? देवीनं वस्तर शे ते. तापीमायमा सोडनं पडी."

कानबाईचं म्हणून ठेवलेलं दुसऱ्या कशाला वापरत नाहीत. विटलं, फाटलं तरी त्याला नदीच दाखवायची. जयश्रीला हे माहीत होतं. तिनेच पियूला कितीदा सांगितलं होतं. पण आता एका खोट्याच्या मागे दुसरं आपसूक येऊन उभं राहिलं.

"फेकी दिनात," ती म्हणाली.

"फेकी दिनात?"

डोळे मिटून शोभाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. दाराशी पियू फुलपाखरांची माळ गळ्यात घालून उभी होती. तिने आईकडे पाहिलं, मग पलंगाखाली पाहिलं, आणि दोन्ही ओठ आत घेऊन घट्ट मिटले.

दिपालीच पहिली बोलली.

"जाऊ द्या आई. ताईंना काय कमी वाईट वाटलं असेल? सहा वर्षं जपलेलं त्यांचं काम ते." आणि जयश्रीकडे वळून, "तुम्ही रडला नाहीत ना?"

जयश्रीने जिलेबीचा पुडा उचलून आत नेला. दोरा सोडायला तिला बराच वेळ लागला.

*

रविवारी दुपारी ती पियूला घेऊन पर्वत पाटियाला पोचली. लिफ्टच्या आरशात तिने पदर दोनदा सारखा केला. भिंत रिकामी असेल, किंवा दिपालीने बाजारातून काहीतरी चकचकीत आणून लावलं असेल. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. काहीतरी कमी आहे हे बायांच्या नजरेत दिसलं की पुरे होतं.

दार उघडंच होतं. आत नैवेद्याचे रोट भाजल्याचा खरपूस वास, बायांची गर्दी. चौरंगावर कानबाई बसलेली, नथ घातलेली, चांदीच्या डोळ्यांनी सरळ दाराकडे बघणारी.

आणि तिच्या मागे ओढणी होती.

क्षणभर जयश्रीला वाटलं, बॅगेची चेन उघडी राहिली. मग ती जवळ गेली. पिवळं कापड तसंच, एकवीस मोर तसेच, पण टाके लांब-लांब, कुठे सुरकुती, कुठे दोरा लोंबकळतोय. एका मोराला मान नव्हतीच जवळजवळ. आणि सगळे मोर एकाच कापडाचे होते. हिरवट निळं, जरीची बारीक बुट्टी असलेलं. ते कापड तिने लगेच ओळखलं. दिपालीच्या साखरपुड्याची साडी. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत जयश्रीची नजर त्या साडीवरून हलली नव्हती.

"बघू नका इतक्या जवळून," मागून दिपाली म्हणाली. तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. "लाज वाटते. तीन दिवस बसले, तरी असं. हे म्हणाले, मार्केटमधून तयार आणून देतो. मी म्हटलं, कानबाईला काय रेडिमेड?"

"तू साडी कापलीस?"

"मग काय करू? एवढे रंग कुठून आणणार? मला मिळतं ते सगळं विकत मिळतं, ताई. तुम्हाला तुमच्या हातात मिळतं." ती हसली, पण डोळे ओढणीवरच. "जयूना हात, जयूना हात. महिनाभर आईंकडून ऐकून कान किटले माझे. एवढी चिडले होते ना तुमच्यावर, तुम्हाला सांगू? म्हटलं, एक तरी गोष्ट अशी करून दाखवते."

जयश्रीने लोंबकळणारा एक दोरा धरला आणि दाताने तोडला.

मग तिला तो दिसला. खालच्या ओळीत, डावीकडून तिसरा. डोकं खाली, पाय वर.

तिच्या ओढणीतही तो तिथेच होता. पियू पोटात होती तेव्हा, नववा महिना, डोळ्यांवर झापड, आणि एक मोर उलटा टाचला गेला. लक्षात आलं तेव्हा उसवायला वेळ नव्हता. दरवर्षी ती तो भाग चौरंगाच्या आड दुमडायची. कुणालाच ठाऊक नाही असं तिला वाटायचं. पण सण उरकल्यावर ओढणीची घडी घालायला दरवर्षी दिपालीच बसायची.

"हा..." ती म्हणाली.

"तो तर मी सगळ्यात आधी कापला," दिपाली म्हणाली. "बाकीचे सगळे नाचतात आणि तो एकटाच पाया पडतो. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हटलं, ताई कुणाला सांगत नाहीत, पण काय विचार करतात ना!"

एक बाई मोबाइल वर धरून पुढे आली. "दिपाली, कितनी सुंदर! आपने बनायी?"

"नही नही. डिझाइन ताईंचं आहे," दिपाली जयश्रीच्या खांद्याला धरून म्हणाली. "असली उंदरांनी खाल्ली. मी नक्कल केली फक्त."

बायांनी माना वळवून जयश्रीकडे पाहिलं. पलीकडे भिंतीला टेकून बसलेल्या शोभाबाईंनीही. त्यांनी हाताने खूण केली, ये, बस माझ्याजवळ.

जयश्री बसली. गाणी सुरू झाली. कुणीतरी रोटाचं ताट पुढे केलं. तिने तुकडा घेतला आणि तो हातातच राहिला.

पियू सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत चौरंगापाशी जाऊन उभी होती. बोटाने मोर मोजत होती. एकवीस झाल्यावर ती परत आली, आईच्या मांडीवर चढली आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. गुपित अजून सांभाळलेलं होतं. आवाज अगदी हळू.

"आई, मग आपल्या बॅगेतला मोर कुणाच्या पाया पडतो?"