बाळसं

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद पडलेल्या गाळ्यात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. धोंडिराम महाराज तीन वर्षांच्या श्रुतिकाला पाटावर बसवत आणि गर्दीला विचारत, "काडी होती ना? आता गाल बघा." गाल खरंच गोबरे दिसत होते. बायका दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडत.

पोरीची आई, दहिसरच्या चाळीतली वनमाला, बाजूला हात जोडून उभी असे. हगवणीनं पोर खंगली, तेव्हा महाराजांनी निदान ठोकून दिलं होतं: आत बसलेल्या भुताला मासळी, अंडं, डाळ, दूध लागतं. ते तोडा, उपाशी पळेल. वनमाला मूळची कोकणातली, तिकडे आजाऱ्याला तांदळाची पेज देतातच. तिनं नुसती पेजच ठेवली, वर अंगाऱ्याची चिमूट. उपाशी नेमकं कोण राहतंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पोर भरली, पण हसेना. केस तांबूस झाले, पायांची कातडी सोलायला लागली. धास्तावून वनमालानं तिला गल्लीतल्या डॉक्टर चेतनांकडे नेलं. त्यांनी पोरीच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"हे बाळसं नाही, वनमाला. पाणी आहे."

मग त्यांनी समजावलं. डाळ, अंडं, मासळी यांतली प्रथिनं मोडून शरीर स्वतःची प्रथिनं घडवतं. स्नायू, कातडी, केस त्यांचेच. जंतूंशी लढतात ती प्रथिनं, रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतात तीही प्रथिनंच. नुसत्या पेजेनं पोट भरतं, घडवायला माल मिळत नाही. मग शरीर स्वतःचंच मांस मोडतं आणि पाणी झिरपून अंगात साठतं. महाराजांचा चमत्कार तो एवढाच.

डॉक्टरांनी तिला लगेच इस्पितळात धाडलं. तिथं सूज उतरली, तेव्हा खाली हाडं होती. छातीत जंतू शिरले होते, लढायला अंगात काही उरलं नव्हतं. श्रुतिका गेली.

पुढच्या गुरुवारी वनमाला गाळ्यात गेली. अंगारा मध्येच सोडला म्हणून पोर गेली, असं महाराज सांगत होते. ती त्यांना ओलांडून रांगेकडे वळली. रांगेत एक बाई सुकलेलं मूल कडेवर घेऊन उभी होती, तिच्यापाशी वनमाला थांबली.

"ह्याला दवाखान्यात ने गं. डॉक्टर सांगेल ते खायला घाल. भूतबीत काही नसतं. माझी पोर मी माझ्या हातानं उपाशी मारली."

बाई रांगेतून निघाली. मागची पुढे सरकली, तेव्हा वनमालानं तिलाही तेच सांगितलं.