कूलंटची बाटली

रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर दिग्विजयरावांनी सुभानपुऱ्यातल्या घराच्या अंगणात स्वतःच्या हातांनी दोघांपुरती, बिनटपाची गाडी तयार केली. गाडी झकास पळे, पण प्रत्येक फेरीनंतर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीतून हिरवं पाणी जमिनीवर सांडे. मग ते पुसायचं, इंजिनच बिघडलं की काय, या काळजीत जेवायला बसायचं आणि पुढच्या फेरीआधी बाटली पुन्हा गळ्यापर्यंत भरायची.

रविवारी हरणीला पत्नी वसुंधराबाईंच्या बहिणीकडे जायचं होतं. दिग्विजयराव कॅन घेऊन वाकले, तशा बाई गाडीतूनच म्हणाल्या, "अहो, पुरे आता. अर्धी बाटली आहे ना? चला, ताई वाट बघत असेल."

वाटभर दिग्विजयरावांचा जीव टांगणीला लागला होता. पोचताच त्यांनी बॉनेट उघडलं. खाली थेंबही नव्हता. बाटलीतलं पाणी वर चढून काठाच्या आतच थांबलं होतं.

"अगं, तापल्यावर पाणी फुगतं. मी त्याला जागाच ठेवत नव्हतो!" ते खो खो हसत सुटले. "आणि दोष देत होतो इंजिनला."

वसुंधराबाईंनी डोक्याचा स्कार्फ सोडला.

"मग परतताना मांजलपूरवरून जाऊ या," त्या म्हणाल्या. "लांबच्या रस्त्यानं."