मृदुंग चढवणारा काळा दगड

या, मित्रांनो, असे जवळ या. टाळ जरा बाजूला सरकवा आणि सतरंजीवर बसा. बुवा अजून फेटा बांधताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. ती माझ्या मत्सराची आहे, म्हणून सांगायची लाज वाटते. पण देवळात बसून लपवाछपवी कशाला?

मी एक जुना काळा दगड आहे. मुठीत मावेन एवढा, गुळगुळीत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथे येसाजीबुवांच्या मृदुंगाच्या पिशवीत माझा मुक्काम असतो. दव पडलं की मृदुंग उतरतो. मग बुवा त्याच्या कातडी वाद्यांखाली अडकवलेल्या लाकडी गठ्ठ्यांवर मला ठोकतात, वाद्या ताणल्या जातात आणि सूर चढतो. ‘ठक’ असा माझा आवाज झाल्याशिवाय विठ्ठलाचं नाव सुरू होत नाही, असा माझा समज होता. समज कसला, गर्वच होता तो.

गर्वाला कारणही तसंच होतं. माझं मूळ जमिनीखाली फार खोल आहे. तिथे ऑलिव्हिन नावाच्या हिरव्या खनिजाचा खडक असतो. मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका मिळून ते खनिज होतं. तिथे उष्णता भयंकर, तरी खडक वितळत नाही, कारण वरचा भार त्याला दाबून धरतो. तोच तापलेला खडक हळूहळू वर सरकला, भार हलका झाला आणि त्यातलं जे लवकर वितळतं तेवढंच वितळलं. सुकं खोबरं तापवलं की तेल सुटतं, चोथा मागे राहतो ना, तसंच. तो शिलारस जमिनीवर आला, थिजला आणि मी झालो. याला साडेसहा कोटी वर्षं झाली. अंगात लोह फार, म्हणून मी काळा. वाटेत खोलवर जमलेले दोन हिरवे कण अजून माझ्या कुशीत आहेत. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आमच्याकडच्या एका थराला पोलादपूरचंच नाव दिलंय. चंद्रावरचे काळे डाग म्हणजेही आमचेच भाऊबंद. लोक चंद्राचं कौतुक करतात, डागांना मात्र नावं ठेवतात. बघा, तेव्हापासूनच मी असा कुढतोय!

येसाजीबुवांचे वडील चांगूबाबा. त्यांनी मला सावित्री नदीच्या पात्रातून उचललं, कपाळाला लावलं आणि पिशवीत ठेवलं. चाळीस वर्षं मी गावोगावचे सप्ताह ऐकले. दासगावच्या बुवांचे अभंग मला पाठ आहेत.

आणि मग तो आला.

गेल्या उन्हाळ्यात बुवांच्या परसात विहीर खणत होते. कातळ फुटला, आत एक पोकळी निघाली आणि पोकळीत तो बसलेला होता, पांढराशुभ्र, धारदार कडांचा, उन्हात डोळे दिपवणारा स्फटिक. शेजारचा सहदेव ओरडला, “येसाजी, अरे स्वयंभू हाय हा! चपला काढ आधी!”

झालं! त्याला रेशमी खण मिळाला, दूध मिळालं, देवळात विठोबाच्या पायाशी जागा मिळाली. बघायला बिरवाडीहून माणसं आली. त्याचं बूड वाकडं होतं, म्हणून तो कलंडायचा. मग त्याला टेकू म्हणून कोणाला लावलं असेल? मला! चाळीस वर्षांच्या सेवेचं हे फळ. बुवांना मुलाने मुंबईहून हातोडी आणून दिली होती, ती पिशवीत गेली. मी मात्र सवतीला डोक्यावर घेऊन बसल्यासारखा बसलो. लोक त्याच्यापुढे वाकायचे तेव्हा नाक माझ्याच समोर यायचं, पण नजर वर असायची. मी रोज पांडुरंगाला एकच मागायचो, ‘देवा, याची चमक जाऊ दे.’

मित्रांनो, देव कधी कधी ऐकतो, तेच वाईट.

माघातल्या सप्ताहाच्या आदल्या दिवशी बुवांची बायको राहीबाई देवळातली भांडी घासायला बसली. समया, तांब्या, घंटा, सगळं चिंचेने लखलखीत केलं. मग तिने मोठ्या भक्तीने स्फटिक घेतला आणि त्यालाही चिंच चोळली. अंगावर बारीक फेस आला. तिला वाटलं, मळ निघतोय. तिने आणखी चोळली. धुऊन बघते तर काय, स्फटिक उकडलेल्या अंड्यासारखा निस्तेज!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! टाळी वाजवता आली असती तर वाजवली असती.

तेवढ्यात येसाजीबुवा आले. “काय केलंस हे? देव जाळलास गो, देव!”

राहीबाई उठली. आंबट बोटं पदराला पुसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तरी ती देवळाच्या पायरीवर येईना. चाळीस वर्षांत तिने एक कीर्तन चुकवलं नव्हतं. बुवांच्या मागे पहिला टाळ तिचा असायचा.

“मी नाय यायची. हे हात टाळाला लावू?” बोलवायला गेलेल्यांना एवढंच तिचं उत्तर.

तिचा टाळ खांबाशी नुसता पडून होता. माझा आनंद तिथेच आंबला. चिंच तिने चोळली, पण मागणं माझं होतं.

बुवांची नात दिशा महाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. तिने आम्हा दोघांना उचललं, घरी नेलं आणि आजीच्या ओंजळीत ठेवलं.

“आजी, हा देव नाही, कॅल्साइट आहे. चुन्याचाच भाऊ. आंबट लागलं की फेसाळतो.”

“पण चमक माझ्या हातानं गेली ना गो बाय?”

“वरवरची गेली. आणि हा आला कुठून, ठाऊक आहे? शिलारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे पाणी या काळ्या कातळातून झिरपलं, त्याच्यातला चुना विरघळवून घेतला आणि पोकळीत थेंबाथेंबाने ठेवला. असल्याच काळ्याच्या पोटचा आहे हा.”

ज्याच्यावर जळलो तो आमच्याच कातळाचं लेकरू निघाला!

इतक्यात दारात बुवा उभे. मान खाली. “राहे, दव पडलंय. मृदुंग उतरलाय, अन् त्या हातोडीनं गठ्ठा चिरला. चल ना. मी बोललो ते चुकलंच.”

राहीबाईने स्फटिक दिशाकडे दिला. मला पदराने पुसलं आणि म्हणाली, “मग ह्यो घ्या. ह्याला टेकू कुणी केला व्हता? तुम्हीच ना?”

बुवा हसले. “व्हय, मीच.”

त्या संध्याकाळी ‘ठक’ झालं, सूर चढला आणि पहिला टाळ राहीबाईचा वाजला.

स्फटिक अजून विठोबाच्या पायाशी आहे, विटका, लाकडी पाटावर. त्याला लोक अजूनही माझ्याआधी बघतात आणि मला अजूनही थोडं टोचतंच. पण आता मी त्याची चमक जावी असं मागत नाही. तुम्हीही कुणाचं वाईट मागू नका, आणि ज्याचा जो गुण आहे तो जाणून त्याला हात लावा.

बुवा आले बघा. एकच विनंती. पुढे कधी कीर्तनाआधी मृदुंग चढवताना ‘ठक’ ऐकलंत, तर मला नाही आठवलंत तरी चालेल. चिंचेने आंबट झालेल्या बोटांची राहीबाई तेवढी आठवा.